जामीन मंजूर झालेला माणूस आत का? मुंबईच्या सहा खासदारांना खुले पत्र

प्रति,
मुंबईतील सहाही लोकसभा मतदारसंघांचे माननीय खासदार

विषय : जामीन आणि शिक्षेच्या कायद्यावर संसदेत स्वतंत्र चर्चा व्हावी आणि सुधारणा व्हावी, याबाबत

सविनय नमस्कार.

मी १९८८ ते २०२१ अशी ३३ वर्षे मुंबईतल्या एका दंडाधिकारी न्यायालयात नोकरी केली. त्यातली शेवटची ११ वर्षे जामिनाचे टेबल माझ्याकडे होते. न्यायाधीशांनी जामिनाचा हुकूम केला की आरोपीचे नातेवाईक त्या टेबलाशी येतात, जामीनदाराची कागदपत्रे पुढे करतात, ती तपासली जातात, आणि सगळे जुळले तर सुटकेचा आदेश तुरुंगाकडे जातो. जुळले नाही तर जामीन मंजूर होऊनही माणूस आतच राहतो. असे किती आदेश माझ्या टेबलाच्या खणात पडून राहिले याचा हिशेब कोणी मागितला नाही आणि मीही ठेवला नाही, ही गोष्ट निवृत्तीनंतर मला स्वस्थ बसू देत नाही, म्हणून हे पत्र.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लोकसभेने २० डिसेंबर २०२३ रोजी आणि राज्यसभेने दुसऱ्याच दिवशी आवाजी मतदानाने संमत केली. अटक, जामीन आणि खटला यांची पद्धत ठरवणाऱ्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा घेणारा हा ५३१ कलमांचा कायदा आहे, आणि तो संमत झाला त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ सदस्य निलंबित झालेले होते. त्या निलंबनात कोणाचे चुकले हा या पत्राचा विषय नाही, आणि आपल्यापैकी काही जण तेव्हा लोकसभेचे सदस्यही नव्हते. परंतु ज्या कायद्यावर लाखो माणसांचे स्वातंत्र्य अवलंबून आहे, त्याच्यातल्या जामिनावरच्या अध्यायाचा शब्दन् शब्द भरलेल्या सभागृहात तपासला गेला नाही, ही वस्तुस्थिती आहे. १ जुलै २०२४ पासून तो कायदा लागू आहे. राहिलेली चर्चा नंतरच्या एखाद्या अधिवेशनात होईल अशी माझी समजूत होती. ती झालेली नाही, आणि हे मला निमूटपणे मान्य करता येत नाही.

२०१७ च्या पावसाळ्यातले एक प्रकरण मी सविस्तर सांगते. नावे मुद्दाम देत नाही. फुलबाजारात हातगाडी ओढणारा विशीतला एक मुलगा मोबाईल चोरीच्या गुन्ह्यात अटक झाला. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचे कलम ३७९, जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षे. बाराव्या दिवशी जामीन मंजूर झाला : १५,००० रुपयांचा जातमुचलका, म्हणजे तारखेला हजर राहिलो नाही तर एवढी रक्कम देईन असे आरोपीचे स्वतःचे लेखी वचन, आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार. मुलाची आई जालना जिल्ह्यातल्या गावाहून आली होती. प्लास्टिकच्या पिशवीत, त्यात पुन्हा रुमालात गुंडाळलेले पिवळे रेशनकार्ड तिने माझ्यापुढे ठेवले. मी ते उघडले, पत्ता पाहिला आणि परत केले. मुंबईचा पत्ता हवा, पगाराची पावती हवी, नोकरीच्या ठिकाणचे पत्र हवे, ते नसेल तर तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला हवा, अशी यादी मी तिला सांगितली. ती यादी मी रोज दहा वेळा सांगत असे. तिने शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "मॅडम, सायबांनी जामीन देला ना? मग पोरगं घरी का येईना?"

या प्रश्नाला कायद्याच्या भाषेत उत्तर होते आणि ते मी दिले. तिला ते कळले नाही.

ती पुढचे तीन आठवडे येत राहिली. मुलाच्या शेठने पत्र द्यायला नकार दिला. ज्याच्या खोलीत मुलगा राहायचा तो ओळखीचा माणूस एकदा तिच्याबरोबर आला, पण खोली भाड्याची, वीजबिल दुसऱ्याच्या नावावर. रोख रक्कम भरून तात्पुरते सोडावे असा अर्ज करता येतो, पण १५,००० रुपये रोख कुठून आणायचे? आवाराबाहेर एका माणसाने तिला चार हजारांत जामीनदार उभा करून देतो असे सांगितले होते. तिने मला विचारले, देऊ का? मी नको म्हणाले, कारण असे भाड्याचे जामीनदार बनावट कागदांवर उभे राहतात हे मला ठाऊक होते. माझा सल्ला कायद्याने बरोबर होता. त्या सल्ल्यापायी तिचा मुलगा आत राहिला.

मुलगा एकूण पाच महिने नऊ दिवस आत होता. या काळात दोन तारखांना पोलीस बंदोबस्त उपलब्ध नाही म्हणून त्याला आणलेच नाही. डिसेंबरमध्ये आरोप निश्चितीसाठी आणले तेव्हा त्याला पुढचे चित्र सांगितले गेले. खटला लढवलास तर साक्षीदार येतील तेव्हा येतील, तारखा पडत राहतील; कबूल केलेस तर भोगलेली कैद हीच शिक्षा धरली जाईल आणि संध्याकाळी घरी जाशील. सांगणाऱ्याने खोटे काहीच सांगितले नाही. मुलाने गुन्हा कबूल केला. रोजनामा, म्हणजे न्यायालयात त्या दिवशी काय झाले याची नोंद, त्या दिवशी माझ्याकडे होता. 'आरोपीस आरोप वाचून व समजावून सांगितला, त्यास गुन्हा कबूल, दयेची विनंती' हे वाक्य माझ्या अक्षरात त्या कागदावर आहे. शिक्षा झाली : भोगलेली कैद आणि ५०० रुपये दंड. आईने दहा-वीसच्या नोटा मोजून दंड भरला आणि मुलगा सुटला.

२०१९ मध्ये तो निकालाची प्रमाणित प्रत मागायला माझ्याकडे आला. सुरक्षारक्षकाची नोकरी मिळत होती, पण पोलीस पडताळणीत जुना गुन्हा निघाला होता. त्याने मला विचारले की मोबाईल त्याने घेतला नव्हता हे आता कुठे सांगता येईल का. कबुलीवरून झालेल्या शिक्षेविरुद्ध अपिलात शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे की नाही एवढेच पाहता येते. मुळात दोषी ठरवले हेच चूक, असे म्हणता येत नाही. तो खरे बोलत होता की खोटे, हे मला माहीत नाही. न्यायालयालाही माहीत नाही, कारण पुरावा कधी तपासलाच गेला नाही. फिर्यादीचा मोबाईल मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्यात पडून होता, आणि मुलगा निर्दोष असेल तर खरा चोर त्या पाच महिन्यांत मोकळा फिरत होता.

खासदार महोदय आणि महोदया, जामीन आणि शिक्षा हे दोन विषय आपल्याकडे नेहमी वेगळे चर्चिले जातात. त्या टेबलावर बसून मला ते कधीच वेगळे दिसले नाहीत. जामिनाची अट पेलत नाही म्हणून माणूस आत राहतो, आत राहतो म्हणून कबुली देतो, आणि कबुलीने त्याच्या नावावर दोषसिद्धी लागते. ज्याच्याकडे लायक जामीनदार असतो तो त्याच गुन्ह्यात बाहेर राहून खटला लढवतो आणि पुष्कळदा निर्दोष सुटतो. म्हणजे दोषी कोण ठरणार हे पुराव्याच्या आधी कागदपत्रांवर ठरते. माझी सारी तक्रार या एका गोष्टीभोवती आहे.

आता मुद्द्याने लिहिते.

पहिला मुद्दा जामीनदाराचा. १९७८ साली मोती राम खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका हाच प्रश्न आला होता. मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला गेला, आणि त्याचा भाऊ व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून दंडाधिकाऱ्यांनी जामीनदार नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चूक ठरवले आणि त्या गवंड्याला १,००० रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला सांगितले. पुढच्याच वर्षी हुसैनआरा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतले कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून संपलेला नाही असे कैदी, देशाला दिसले. एवढे होऊन २०१७ साली मी जालन्याचे रेशनकार्ड परत केले, आणि त्या दिवशी मला कोणी चूक म्हटले नाही, कारण संहितेत मला अडवणारे एकही वाक्य नव्हते. आजही नाही. जामिनाची रक्कम अवाजवी नसावी असे नव्या संहितेचे कलम ४८४ सांगते, जुनेही सांगत होते. आठवड्यात जामीनदार देऊ न शकणाऱ्याला निर्धन समजून त्याच्या मुचलक्यावर सोडावे हेही कलम ४७८ मध्ये आहे, परंतु ते फक्त जामीनपात्र गुन्ह्यांना, म्हणजे ज्यांत जामीन हा आरोपीचा हक्कच असतो त्यांना, लागू होते. चोरीसारखे अजामीनपात्र गुन्हे, ज्यांत जामीन न्यायालयाच्या मर्जीवर असतो आणि ज्यांत गरीब माणसे सर्वाधिक अडकतात, त्यातून बाहेरच राहिले. जुने सहकारी सांगतात की नव्या संहितेने महानगर दंडाधिकारी हे पद गेले, दारावरच्या पाट्या बदलल्या, टेबलावरची कागदपत्रांची यादी मात्र तीच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी दिलेले निर्देश या बाबतीत फार चांगले आहेत. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करावा, स्थानिक जामीनदाराचा हट्ट धरू नये. हे निर्देश पाळले गेले तर अर्धा प्रश्न सुटेल. पण निर्देश पाळायला माणूस लागतो आणि कायद्याला फक्त कलम लागते. टेबलावरचा कारकून कलमाला घाबरतो, हे मी अनुभवाने सांगते.

दुसरा मुद्दा नव्या संहितेच्या कलम ४७९ चा. या कलमाचे सभागृहात आणि बाहेर पुष्कळ कौतुक झाले. पहिल्यांदाच आरोपी झालेल्या, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कच्चा कैदी म्हणून काढला की त्याला मुचलक्यावर सोडायचे, ही तरतूद खरोखर स्वागतार्ह आहे, आणि ती जुन्या प्रकरणांनाही लागू होते असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले, हेही चांगले झाले. पण त्याच कलमाचे दुसरे पोटकलम आपण वाचावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. एकाहून अधिक गुन्ह्यांचा तपास वा खटला, किंवा अनेक प्रकरणे प्रलंबित असतील तर या कलमाखाली सोडता येणार नाही, असे ते म्हणते. जुन्या संहितेतल्या याच विषयाच्या कलम ४३६अ मध्ये ही अट नव्हती. फौजदारी न्यायालयात काम केलेल्या कोणालाही विचारा : एकाच फिर्यादीत दोन-तीन कलमे लावलेली नाहीत असा कागद किती वेळा दिसतो? एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले गेले आहे. शिवाय जुन्या कलमातून फक्त फाशीची शिक्षा असू शकणारे गुन्हे वगळले होते. आता जन्मठेपेचेही वगळले. आणि 'पूर्वी कधीही दोषी न ठरलेला' ही अट त्या फुलबाजारातल्या मुलाला लावून पाहा. घरी जायला मिळावे म्हणून दिलेल्या एका कबुलीने तो या सवलतीतून कायमचा बाद झाला. उद्या तो पुन्हा कशात अडकला तर त्याला एक तृतीयांश नव्हे, निम्मा काळ काढावा लागेल.

तिसरा मुद्दा शिक्षेचा, आणि तो मी थोडक्यात मांडते. आपल्या कायद्यात बहुतेक गुन्ह्यांना 'इतक्या वर्षांपर्यंत' अशी शिक्षा असते, आणि त्या 'पर्यंत'मध्ये काय धरायचे याची लेखी दिशा नाही. एकाच इमारतीतल्या दोन दालनांत सारख्याच चोरीला एकाला दंड आणि दुसऱ्याला सहा महिने झालेले मी पाहिले आहे. दोन्ही न्यायाधीश प्रामाणिक होते. शिक्षेच्या मार्गदर्शक तत्त्वांची शिफारस फौजदारी न्यायव्यवस्थेच्या सुधारणेसाठी नेमलेल्या मलिमठ समितीने २००३ सालीच केली होती. दंड संहितेच्या जागी आलेल्या नव्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवेची शिक्षा आली, ही मोजक्या गुन्ह्यांपुरती का होईना, योग्य दिशा आहे. परंतु सेवा किती तास, कोणाच्या देखरेखीखाली, याविषयी कायदा बोलत नाही, आणि चोरीच्या बाबतीत ती ५,००० रुपयांच्या आतल्या मालालाच लागू आहे. आज रस्त्यावर चोरीला जाणारा मोबाईल पाच हजारांच्या आत क्वचितच बसतो. परिवीक्षेचा, म्हणजे दोषीला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा, कायदा तर १९५८ पासून आहे. कबुलीच्या दिवशी त्या मुलासाठी त्याची आठवणही कोणी काढली नाही, मीसुद्धा नाही.

चौथा मुद्दा संसदेच्या मौनाचा. ११ जुलै २०२२ रोजी सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात न्यायमूर्ती संजय किशन कौल आणि न्यायमूर्ती एम. एम. सुंदरेश यांनी केंद्र सरकारला स्वतंत्र जामीन कायदा करण्याचा विचार करावा असे सुचवले आणि इंग्लंडच्या १९७६ च्या जामीन कायद्याचा दाखला दिला. त्याआधी मे २०१७ मध्ये विधी आयोगाचा २६८ वा अहवाल केवळ जामिनावर आला होता. योगायोग असा की तो अहवाल आला आणि दोनच महिन्यांनी तो मुलगा अटक झाला. चुकीचा खटला भोगून निर्दोष ठरलेल्यांना भरपाई देण्याचा कायदा व्हावा असे सांगणारा २७७ वा अहवालही २०१८ पासून पडून आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे चारांतले तीन. आपल्या आर्थर रोड कारागृहाची मंजूर क्षमता कित्येक वर्षे ८०४ होती आणि आत अनेकदा ३,००० हून अधिक माणसे असत. हे आकडे आपल्याला माझ्याहून अधिक ठाऊक असतील.

यावर जो आक्षेप घेतला जाईल तो मला माहीत आहे, कारण तो मी फिर्यादींच्या तोंडून ऐकला आहे : आमचे काय? ज्याची सोनसाखळी गेली, ज्याच्या घरी चोरी झाली, त्याने आरोपीला मोकळा फिरताना बघायचे का? हा प्रश्न रास्त आहे आणि मी त्याला कमी लेखत नाही. सराईत गुन्हेगाराला, साक्षीदाराला धमकावणाऱ्याला, पळून जाण्याची शक्यता असलेल्याला जामीन नाकारण्याचा न्यायालयाचा अधिकार मी कमी करा म्हणत नाही. मी बोलते आहे त्या माणसांबद्दल, ज्यांना न्यायाधीशांनी सर्व बाजू ऐकून सोडण्यायोग्य ठरवले आहे. जामीनदारामुळे आरोपी तारखेला येतो म्हणावे, तर भाड्याचा जामीनदार कोणाला हजर करतो? ११ वर्षांत मी पाहिले ते असे, की घरचे लोक, गावचा सरपंच, कामावरचा मुकादम यांच्या शब्दाखातर येणारा माणूस वेळेवर येतो.

केंद्र सरकारने गरीब कैद्यांच्या साहाय्याची योजना २०२३ मध्ये आणली, तेव्हा तिच्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत मदत होती. ही चांगली गोष्ट आहे. तरीही अवाजवी अट तशीच ठेवून तिचे पैसे सरकारी तिजोरीतून भरणे हा उपाय मला उलटा वाटतो. शिवाय योजना समितीच्या मंजुरीवर चालते, हक्कावर नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

स्वतंत्र जामीन कायद्याचे विधेयक सरकारने मांडावे यासाठी आपण सहाही जणांनी पक्षभेद बाजूला ठेवून संयुक्त पत्र द्यावे. ते होईपर्यंत आपल्यापैकी कोणीतरी शुक्रवारच्या खासगी विधेयकांच्या वेळेत हा विषय सभागृहापुढे आणावा. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत स्वतःच्या जातमुचलक्यावर सुटका हा पहिला पर्याय असावा, आणि न्यायालयाला जामीनदार हवा असेल तर त्याची कारणे लेखी द्यावीत. जामीनदार देशाच्या कोणत्याही जिल्ह्यातला चालेल, हे वाक्य कायद्यात स्पष्ट लिहावे. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत सुटका न झाल्यास प्रकरण आपोआप न्यायाधीशांपुढे यावे, त्यासाठी अर्ज लागू नये. कलम ४७९ चे दुसरे पोटकलम वगळावे, किमान एकाच फिर्यादीतली अनेक कलमे त्याच्या कक्षेबाहेर काढावीत. कोठडीत असलेल्या माणसाने गुन्हा कबूल केला तर, जामीन मंजूर असूनही तो आत आहे का, हे न्यायाधीशांनी विचारून नोंदवावे, आणि तसे असेल तर आधी त्याला सोडून मगच कबुली घ्यावी. अशा कबुलीवरच्या जुन्या किरकोळ दोषसिद्धी नोकरीच्या पडताळणीत आड येऊ नयेत अशी तरतूद करावी. आणि देशातल्या प्रत्येक न्यायालयाने, जामीन मंजूर होऊनही न सुटलेल्यांची संख्या दर महिन्याला जाहीर करावी. ती संख्या किती, हा तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते असा प्रश्न, आपण येत्या अधिवेशनात विचारावा.

यातली शेवटची मागणी सर्वांत सोपी आहे. तिला विधेयक लागत नाही, खर्च लागत नाही, फक्त आपली सही लागते.

मी हे पत्र आपल्या सहाही कार्यालयांत स्वतः नेऊन देणार आहे आणि पोच घेणार आहे. जामिनाच्या टेबलावर कोणती कागदपत्रे मागितली जातात, कोणती परत केली जातात आणि का, हे आपल्याला किंवा आपल्या साहाय्यकांना समोर बसून सांगायची माझी तयारी आहे. दुपारी बारानंतर कोणत्याही दिवशी मी येऊ शकते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी
लालबाग, मुंबई